दप्तर आणि जाणकार

कोणत्याहि धंद्याचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे यंत्रें, मालक आणि नफातोटा यांकडेच लेखकाचें लक्ष आधीं जातें. त्या धंद्यांतील माणसांनीं आपलें ज्ञान एकमेकांस कसें दिलें आणि मागून येणाऱ्यांसाठीं कसें राखून ठेविलें, हा प्रश्न बहुधा मागें राहतो. संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याचा धंदा जेमतेम पाऊणशें वर्षांचा. त्याच्या बाबतींतहि असेंच झालें आहे. आजच्या लेखांत ह्या मागें राहिलेल्या प्रश्नाचाच मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे. विषय वरवर पाहतां केवळ त्या धंद्यांतील लोकांचा वाटेल. परंतु आपली बँक, आपलें पेन्शन आणि आपलें रेल्वेचें तिकीट ज्या प्रोग्रामांवर अवलंबून आहेत, ते प्रोग्राम समजणारा माणूस उद्यां कोणी उरेल कीं नाहीं, ह्या गोष्टीशीं प्रत्येक घराचा संबंध पोहोंचतो.

पूल बांधणारा इंजिनियर निघून गेला तरी पूल डोळ्यांपुढें उभा असतो. त्याचे खांब व कमानी पाहून दुसरा जाणता माणूस भार कोठून कोठें उतरतो हें पुष्कळसें ताडूं शकतो. प्रोग्रामाचें तसें नाहीं. त्याच्या लाखों ओळींत यंत्रानें काय करावें हें अक्षरशः लिहिलेलें असतें. पण तें तसेंच कां करावें, दुसऱ्या रीतीनें कां करूं नये, आणि एखादी ओळ काढली असतां कोठें काय कोसळेल, हें त्या ओळींत नसतें. तें लिहिणाऱ्यांच्या डोक्यांत असतें. आणि माणसें नोकरी बदलतात, निवृत्त होतात, जगाचा निरोपहि घेतात. एप्रिल २०२० मध्यें करोनाच्या साथीमुळें अमेरिकेंत लाखों लोकांचा रोजगार एकाएकीं बुडाला, तेव्हां न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांवर एक विलक्षण आवाहन करण्याची पाळी आली. कोबोल ही जुनी संगणकभाषा जाणणाऱ्यांनीं स्वयंसेवक म्हणून पुढें यावें, असें त्यांनीं जाहीरपणें सांगितलें. कारण बेकारांस भत्ता देणारी तेथील संगणकव्यवस्था चाळीस वर्षांहून जुनी होती. यंत्रें जाग्यावर होतीं, प्रोग्रामहि जाग्यावर होते. उणीव होती ती त्यांच्या जाणकारांची.

ह्या उणिवेवर आजवर दोन प्रकारचे उपाय झाले. एक दप्तर वाढविण्याचा, म्हणजे सर्व कांहीं लिहून ठेवण्याचा. दुसरा जाणकार सांभाळण्याचा. ह्या दोहोंचा झगडा व अखेरीस त्यांचा झालेला मेळ, हाच आमच्या मतें ह्या विषयाच्या इतिहासाचा गाभा आहे.

दप्तराचा सर्वांत भव्य प्रयोग आय. बी. एम. ह्या अमेरिकन कंपनीनें केला. ७ एप्रिल १९६४ रोजीं तिनें सिस्टिम/३६० ह्या नव्या संगणकमालिकेची घोषणा केली. त्या मालिकेंतील यंत्रांचा कारभार पाहणारा जो प्रचंड प्रोग्रामसमूह लिहावयाचा होता, त्याचें नांव ओएस/३६०. फ्रेडरिक ब्रुक्स यांच्याकडे त्या कामाची धुरा होती. १९६३ पासून १९६६ पर्यंत त्यावर सुमारें पांच हजार मनुष्यवर्षें खर्ची पडलीं असा त्यांचा अंदाज आहे. ऐन भराच्या वेळीं हजाराहून अधिक माणसें त्या कामांत गुंतलीं होतीं. एवढ्या माणसांनीं मिळून एकच वस्तु घडवावयाची, तर एकाचा निर्णय दुसऱ्यास वेळेवर कळलाच पाहिजे. पुढें १९७५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ ह्या ग्रंथांत ब्रुक्स यांनीं बायबलांतील बाबेलच्या मनोऱ्याचा दृष्टांत घेतला आहे. त्या मनोऱ्यास माणसें, माल किंवा वेळ यांपैकीं कशाचीच वाण नव्हती. बांधणाऱ्यांचें परस्परांशीं बोलणें खुंटलें आणि त्यासरशी काम बसलें, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ आहे.

हें बोलणें खुंटूं नये म्हणून ओएस/३६० च्या कामांत एक कार्यवही ठेवण्यांत आली. कामासंबंधींचें प्रत्येक टिपण, प्रत्येक तपशील व प्रत्येक बदल तींत जावयाचा, आणि तिची प्रत प्रत्येक प्रोग्रामराच्या खोलींत असावयाची, असा नियम होता. हेतु उदात्त होता. परंतु सहा महिन्यांत त्या वहीची जाडी सुमारें पांच फूट झाली! न्यूयॉर्कच्या कचेरींतील तिच्या शंभर प्रती एकावर एक रचल्या असत्या, तर पांचशें फुटांचा खराखुरा मनोरा उभा राहिला असता. रोज सरासरी दोन इंच जाडीचे, म्हणजे दीडशें पानांचे, बदल येत. जुनीं पानें काढून नवीं घालण्यांतच कामाच्या वेळेचा बराच भाग जाऊं लागला. शेवटीं कागद सोडून सूक्ष्मचित्रांच्या फिल्मचा आश्रय करावा लागला. प्रत्येक खोलींत तें पाहण्याचें यंत्र बसवूनहि त्यांत दहा लक्ष डॉलर वांचले. पण पानाच्या कडेस स्वतःच्या हातानें खूण करून ठेवण्याची जी साधी सोय कागदांत होती, ती मात्र गेली.

सर्वांस सर्व कांहीं सांगूं पाहणारें दप्तर वाचण्याऐवजीं सांभाळण्याचीच वस्तु होऊन बसतें, हें ह्या प्रयोगानें दाखविलें. ह्याच सुमारास डेव्हिड पार्नास यांनीं नेमका उलट विचार मांडला. १९७१ व १९७२ सालच्या आपल्या निबंधांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, प्रोग्रामाचे विभाग असे पाडावे कीं पुढें बदलण्याचा संभव असलेला एकेक निर्णय एकेका विभागाच्या पोटांत दडून राहील. शेजाऱ्यास केवळ दारावरील पाटी वाचतां आली म्हणजे पुरे, घरांतील भांड्यांची मोजदाद त्यानें करण्याचें कारण नाहीं. ब्रुक्स यांस हें तेव्हां पटलें नाहीं. हा मार्ग नाशाकडे नेईल असें त्यांनीं १९७५ च्या ग्रंथांत स्पष्ट म्हटलें. परंतु वीस वर्षांनीं, १९९५ मध्यें, त्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तींत त्यांनीं तितक्याच स्पष्टपणें लिहिलें कीं, ह्या वादांत पार्नास यांचें बरोबर होतें. विद्वानांच्या वादांत अशी निखळ कबुली क्वचितच वाचावयास मिळते. तिचा अर्थ इतकाच कीं, कोणास काय कळलें पाहिजे ह्याबरोबरच कोणास काय कळण्याची गरज नाहीं, हें ठरविणें हाहि ज्ञानव्यवस्थेचाच भाग आहे.

ह्या भारदस्त प्रयत्नांच्या शेजारीं एक अगदीं साधा प्रयत्न चालला होता. अमेरिकेंतील कांहीं विद्यापीठांचे व संशोधनसंस्थांचे संगणक एकमेकांस जोडण्याचें काम १९६९ मध्यें सुरू झालें. पुढील इंटरनेटची ती मुहूर्तमेढ. हें काम बऱ्याच अंशीं पदवीनंतरचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातीं होतें. त्यांपैकीं स्टीव्ह क्रॉकर यांनीं ७ एप्रिल १९६९ रोजीं पहिलें टिपण काढलें आणि त्या मालिकेस ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे ‘अभिप्रायाची विनंती’, असें नम्र नांव दिलें. विचार अपुरा असला, त्यास उदाहरणाची जोड नसली, प्रश्नास उत्तर सांपडलेलें नसलें, तरी टिपण लिहावें. सफाईपेक्षां वेळेवर लिहिण्यास महत्त्व आहे, असा दंडक त्यांनीं घातला. आजवर अशीं नऊ हजारांहून अधिक टिपणें झालीं आहेत. एकदां क्रमांक घालून प्रसिद्ध झालेलें टिपण पुन्हां बदलावयाचें नाहीं, नवा विचार नव्या क्रमांकानें यावयाचा, ही त्यांची रीत. त्यामुळें काय ठरलें ह्याबरोबर तें कोणत्या पायऱ्यांनीं ठरलें हेंहि आज वाचतां येतें. इतिहासाच्या अभ्यासकास ह्या गोष्टीची किंमत सांगावयास नको.

तोच संस्कार थोड्याच काळांत यंत्राच्याहि अंगीं आला. १९७२ मध्यें बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकिंड यांनीं प्रोग्रामांतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारें एक साधन तयार केलें. कोणीं, केव्हां व कशासाठीं बदल केला, हें त्यांत बदलाबरोबरच टिपलें जाई. २००५ मध्यें लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिहिलेलें गिट हें आजचें सर्वत्र प्रचलित साधन त्याच वंशांतलें. बदल करणाऱ्यानें चार ओळी प्रामाणिकपणें लिहिल्या, तर दहा वर्षांनीं येणारा अनोळखी मनुष्य त्या ओळींवर बोट ठेवून त्यामागील हेतु विचारूं शकतो. अर्थात् ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढेंच लिहिलें असेल, तर साधन कितीहि उत्तम असून व्यर्थ.

येथवर दप्तराची बाजू झाली. जाणकाराची बाजू सर्वांत समर्थपणें मांडली ती डेन्मार्कच्या पीटर नाउर यांनीं. नाउर (१९२८–२०१६) मूळचे ज्योतिषशास्त्रज्ञ. अल्गोल ६० ह्या प्रसिद्ध संगणकभाषेच्या अहवालाचें संपादन त्यांनीं केलें होतें. म्हणजे नेमकें लिहिणें कशास म्हणतात हें ते पूर्ण जाणून होते. त्यांनीं १९८५ मध्यें ‘प्रोग्रामिंग अ‍ॅज थिअरी बिल्डिंग’ हा निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील एक हकीकत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. एका गटानें एका संगणकभाषेचा अनुवादक प्रोग्राम लिहिला आणि तो उत्तम चालला. दुसऱ्या गटास तीच भाषा थोडी वाढवून घ्यावयाची होती. पहिल्या गटानें आपला सर्व मजकूर, त्यावरील टीपा व रचनेविषयींची चर्चा त्यांच्या हवालीं केली, शिवाय प्रत्यक्ष सल्लाहि दिला. तरीसुद्धां दुसऱ्या गटानें सुचविलेल्या सुधारणा म्हणजे चांगल्या वस्त्रास लावलेलीं ठिगळेंच निघालीं. मूळ रचनेंतच ज्याची सोय होती तें त्यांच्या दृष्टीस पडलें नाहीं. पहिल्या गटास मात्र तें पाहतांक्षणींच दिसलें आणि साधा उपायहि सुचला. पुढें तो प्रोग्राम आणखी परक्या हातांत गेला. सुमारें दहा वर्षांनीं पाहतां मूळ रचनेचा सांगाडा शिल्लक होता, पण वर चढविलेल्या वेड्यावांकड्या भरावाखालीं त्याचें बळ नाहींसें झालें होतें.

ह्यावरून नाउर यांनीं असा सिद्धांत काढला कीं, प्रोग्रामरांचें खरें कार्य मजकूर लिहिणें हें नसून त्या कामाविषयीं आपल्या मनांत एक उपपत्ति उभारणें हें आहे. मजकूर हें तिचें फळ. ज्याच्या मनांत ती उपपत्ति आहे, तो प्रोग्रामाचा बाहेरील व्यवहाराशीं संबंध उलगडून दाखवूं शकतो, प्रत्येक भाग तसाच कां हें सांगूं शकतो, आणि नवी मागणी आली असतां ती जुन्या कोणत्या सोयीशीं जुळते हें ओळखूं शकतो. असे लोक पांगले म्हणजे प्रोग्राम चालत असला तरी मेलाच असें समजावें, व केवळ कागदपत्रांवरून त्याचें पुनरुज्जीवन होत नाहीं, इतक्या टोकापर्यंत ते गेले.

आपल्याकडील वाचकांस हें समजण्यास संगीताचें उदाहरण पुरेल. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं घराणेदार गवयांकडून मोठ्या कष्टानें मिळविलेल्या चिजा स्वरलिपींत उतरवून क्रमिक पुस्तकांच्या रूपानें छापल्या. त्या नसत्या तर कित्येक चिजा काळाच्या उदरांत गेल्या असत्या. पण पुस्तकावरून चीज जशीच्या तशी म्हणणारा राग मांडूं शकेलच असें नाहीं. कोणत्या स्वरावर किती थांबावें, कोठें नुसता स्पर्श करून मागें यावें, हें गुरूसमोर बसूनच अंगीं मुरतें. म्हणून पुस्तक निरुपयोगी ठरतें काय? मुळींच नाहीं. तालीम मिळालेल्याच्या हातीं तेंच पुस्तक शंभर घरांचें दार उघडतें. नाउर यांचें म्हणणें आम्हांस ह्याच मर्यादेंत मान्य आहे. दप्तर जाणकाराची जागा घेऊं शकत नाहीं हें खरें. पण नवा जाणकार लवकर तयार होईल अशा रीतीनें दप्तर लिहितां येतें, हेंहि तितकेंच खरें.

तें कसें लिहावें ह्याचें उत्तर पुढील काळांत हळूहळू मिळत गेलें. १९८६ मध्यें पार्नास यांनीं पॉल क्लेमेंट्स यांच्यासह एक मार्मिक निबंध लिहिला. प्रत्यक्षांत कोणतीहि रचना सरळ, तर्कशुद्ध मार्गानें होत नाहीं. चुकत माकतच होते. तरी कागदपत्र मात्र ती तर्कानेंच झाली असें दाखवून लिहावे, कारण मागून येणाऱ्यास आपल्या भटकंतीपेक्षां मुक्कामाचा रस्ता हवा असतो. मात्र जे दुसरे मार्ग विचारांत घेऊन सोडून दिले, ते कां सोडले हेंहि नोंदवून ठेवावें, हा त्यांचा आग्रह होता. आमच्या मतें सर्व निबंधाचें सार ह्या शेवटच्या सूचनेंत आहे. स्वीकारलेला मार्ग प्रोग्रामांत दिसतोच. टाकलेला मार्ग लिहिल्यावांचून कोठेंच दिसत नाहीं, आणि नवा मनुष्य हटकून त्याच खड्ड्यांत उतरतो. पंचवीस वर्षांनीं, २०११ मध्यें, मायकेल नायगार्ड यांनीं हीच गोष्ट व्यवहारांत आणण्याची सुटसुटीत रीत सुचविली: प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयासाठीं एकदोन पानांचें टिपण, त्यांत परिस्थिति काय होती, काय ठरलें आणि त्याचे बरेवाईट परिणाम काय; आणि हें टिपण निराळ्या कपाटांत न ठेवतां प्रोग्रामाच्या मजकुराशेजारींच ठेवावयाचें.

दरम्यान लिहिणारा व वाचणारा ह्यांमधील भिंतहि पडली. २५ मार्च १९९५ रोजीं वॉर्ड कनिंगहॅम यांनीं प्रोग्रामरांच्या उपयोगासाठीं एक असा संग्रह खुला केला कीं, त्यांतील कोणतेंहि पान वाचणाऱ्यानें तेथल्या तेथें दुरुस्त करावें. होनोलुलूच्या विमानतळावरील ‘विकी विकी’ नांवाच्या बसवरून त्यांनीं त्यास विकी हें नांव दिलें. हवाई भाषेंत त्याचा अर्थ ‘जलद’. त्याच कल्पनेवर २००१ मध्यें विकिपीडिया उभा राहिला व २००३ मध्यें मराठी विकिपीडियाहि सुरू झाला. प्रोग्रामरांनीं आपल्या घरच्या गरजेसाठीं केलेलें साधन अशा रीतीनें जगाच्या हातीं आलें. विकीनें लिहिणें सोपें केलें. परंतु सोपें झालेलें लिहिणें फार होतें, आणि शिळ्या पानांचा ढीग जमला म्हणजे त्यांत खरें कोणतें हें कळेनासें होतें. पांच फुटी कार्यवहीचीच ही नवी, वजन नसलेली आवृत्ति. म्हणून प्रत्येक पानास एक धनी असावा, त्यानें तें वेळोवेळीं तपासावें, आणि जें खरें राहिलें नाहीं तें निर्भयपणें बाजूस काढावें, ही शिस्त साधनाइतकीच महत्त्वाची ठरते.

हा सर्व इतिहास परदेशचा. पण नाउर यांच्या हकीकतींतील दुसरा गट आपल्या फार जवळचा आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ मध्यें मुंबईंत निघाली, आणि पुढील काळांत मुंबईपुण्याकडे परदेशचें काम वाढत गेलें. सन २००० जवळ आलें तेव्हां वर्षाचे दोनच आंकडे ठेवणारे जुने प्रोग्राम बिघडतील अशी भीति पसरली, आणि तिकडील बँका व विमाकंपन्यांचे कोबोलमधील प्रोग्राम तपासण्याचें मोठें काम भारतीय कंपन्यांकडे आलें. त्यानंतर त्यांच्या देखभालीचेंहि आलें. म्हणजे आपल्या घरांतील शेंकडों मुलामुलींनीं आपलें उमेदीचें आयुष्य दुसऱ्यांनीं लिहिलेले प्रोग्राम समजून घेण्यांत घातलें आहे. जाणारा मनुष्य येणाऱ्यास आपलें काम समजावून सांगतो, त्यास त्या धंद्यांत ‘नॉलेज ट्रान्स्फर’ किंवा संक्षेपानें ‘केटी’ म्हणतात. नोटिशीच्या मुदतींतील शेवटच्या कांहीं दिवसांत, जाणाऱ्याचें मन उडालेलें व येणारा भांबावलेला असतांना, वर्षानुवर्षांचें ज्ञान ओतावयाचें, हा विधि नाउर यांनीं पाहिला असता तर त्यांस आपल्या सिद्धांताचें आणखी एक प्रमाण मिळालें असतें. हें काम शेवटच्या पंधरवड्याचें नाहीं, पहिल्या दिवसापासून चालण्याचें आहे. दोघांनीं शेजारीं बसून एकच काम करणें, एकानें लिहिलेलें दुसऱ्यानें वाचून प्रश्न विचारणें, आणि एकाहि विभागाचें ज्ञान एकाच माणसाजवळ राहूं न देणें, ह्या रोजच्या चालीरीतींनींच तें होतें.

गेल्या कांहीं वर्षांत ह्या प्रश्नास एक नवें वळण लागलें आहे. कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें स्वतःच प्रोग्राम लिहूं लागलीं आहेत, आणि दप्तर वाचून विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरेंहि देऊं लागलीं आहेत. शोधण्याचा शीण त्यांनीं पुष्कळच हलका केला, ही गोष्ट नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण जें कोणींच लिहून ठेविलें नाहीं तें यंत्रहि वाचूं शकत नाहीं. आणि मजकूर यंत्रानें लिहिला व माणसानें तो न समजतां स्वीकारला, तर नाउर यांच्या हकीकतींतील पहिला गट जन्मासच येत नाहीं. मग सर्वच दुसऱ्या गटांतले. न्यू जर्सीस निदान चाळीस वर्षें लागलीं. ह्या मार्गानें तीच अवस्था चार महिन्यांत येऊं शकेल.

म्हणून प्रोग्रामरांच्या मंडळीसाठीं ज्ञानव्यवस्था उभारणाऱ्यानें साधनाची निवड करण्यापूर्वीं स्वतःस एक प्रश्न विचारावा: आज आलेला मनुष्य ह्या कामाचा जाणकार होण्यास किती काळ लागेल, आणि आपली व्यवस्था तो काळ कमी करते काय? थोडें लिहिलें, वेळेवर लिहिलें, कारणांसह लिहिलें, टाकलेले मार्ग नोंदविले, आणि लिहिणाऱ्यानें वाचणाऱ्याबरोबर बसण्यास वेळ दिला, तर तो काळ खास कमी होतो. पांच फुटांच्या वहीपासून चार ओळींच्या टिपणापर्यंत ह्या धंद्यानें जी वाटचाल केली, ती ह्याच समजुतीकडे झाली आहे. दप्तर नीट ठेवावें. पण तें ज्याच्या हातीं द्यावयाचें तो माणूस तयार करणें हें त्याआधींचें काम आहे, आणि तें करण्याचा काळ जाणकार हयात व जवळ आहे तोंपर्यंतचाच असतो.